माझं मी

दर आठवड्याला एका दुपारी मी एका वयस्कर बाईंना वाचून दाखवायला जाते. त्यांना लहानपणापासून दिसत नाही. आयुष्यभर त्या शिक्षिका होत्या, त्यामुळे त्यांना ओळखणारे सगळेच त्यांना ‘बाई’ म्हणतात आणि मीही तेच म्हणते. त्या दुपारी मी नेहमीपेक्षा थोडी लवकर पोचले. दार नुसते लोटलेले होते. बाई खिडकीजवळच्या खुर्चीत बसल्या होत्या. मांडीवर एक रुंद, जाडजूड पुस्तक उघडे होते आणि दोन्ही हात त्यावरून सावकाश सरकत होते. मान ताठ होती, चेहरा समोरच्या भिंतीकडे होता. पुस्तकाकडे त्यांच्या शरीरातले हात सोडले तर काहीच वळलेले नव्हते. मी उंबऱ्यात चप्पल काढत असताना त्या हसल्या. आवाज जेमतेम आला, पण ओठ दाबूनही न आवरलेले असे ते हसू होते, आणि हसता हसता उजव्या हाताचे बोट जरासे मागे गेले, तीच ओळ पुन्हा एकदा वाचावी तसे. मी विचारले, “काय झालं बाई?” त्यांची बोटे जागच्या जागी थांबली. “काही नाही गं,” त्या म्हणाल्या, “माझं मी वाचतेय.”

एवढेच.

त्या वाक्यात राग नव्हता, टोमणा तर नव्हताच. तरीही ते मला दिवसभर खुपत राहिले. चुकून दुसऱ्याच खोलीचे दार उघडल्यावर जसे वाटते तसे काहीसे वाटत होते. खरे सांगायचे तर मला माझ्या वाचनाचा थोडा अभिमान आहे. मी विरामचिन्हे सांभाळते, संवाद आला की आवाज किंचित बदलते, एखादे वाक्य महत्त्वाचे वाटले की त्याच्या आधी क्षणभर थांबते. विनोदी मजकूर वाचताना बाई हसतातही. पण त्या दिवशी माझ्या लक्षात आले की माझ्यासमोर त्या हसतात ते नेहमी माझ्या मागोमाग. विनोद जवळ आला की माझ्या आवाजात त्याची चाहूल आधीच लागते, आणि मी ज्या क्षणी सोडीन त्या क्षणीच तो त्यांच्यापर्यंत पोचतो. खिडकीपाशी एकट्या बसलेल्या बाईंना मात्र तो विनोद त्यांच्या त्यांच्या वेळेला भेटला होता. मागे जाऊन त्या तो परत वाचू शकल्या होत्या. ‘पुन्हा एकदा वाच गं’ असे कुणाला सांगावे लागले नव्हते, आणि नेमके कशाला हसल्या हेही कुणाला कळले नव्हते.

‘वाचून दाखवणे’ हा शब्दप्रयोगही तेव्हापासून मला विचित्र वाटू लागला आहे. ज्यांना दिसत नाही त्यांना आपण वाचून ‘दाखवतो’. मराठीत पाहण्याचे हे अतिक्रमण सर्वत्र आहे: आपण चव घेऊन बघतो, वास घेऊन बघतो, हात लावूनसुद्धा बघतोच. स्पर्शाच्या वाट्याला मात्र जे शब्द आले ते चाचपणे, चाचपडणे असे, अंधार आणि अनिश्चिततेचा वास असलेले. बाईंची बोटे अजिबात चाचपडत नाहीत. उजवा हात ओळीचा शेवट वाचत असतो तेव्हा डावा हात पुढच्या ओळीच्या आरंभी जाऊन उभा राहिलेला असतो, आणि एका ओळीतून दुसरीत जाताना कुठे सांधा दिसत नाही. या हालचालीसाठी आपल्या भाषेत नेमका शब्द नसावा याचे कारण बहुधा एवढेच, की शब्द करणाऱ्यांना तिची गरज पडली नव्हती.

लिपी करणाऱ्यांचेही आधी तेच झाले होते. 1785 साली पॅरिसमध्ये व्हॅलेंतीन आउई यांनी अंध मुलांसाठी शाळा काढली. त्यांचा हेतू शुद्ध होता आणि काम त्या काळी अचाट होते. ओलसर जाड कागद अक्षरांच्या साच्यांवर दाबून त्यांनी फुगीर रोमन अक्षरांची पुस्तके छापली. डोळ्यांनी वाचतात तीच अक्षरे बोटांनी वाचायची, इतका तो विचार सरळ होता. पण अक्षराचे वळण ही डोळ्याची सोय आहे. डोळा आख्खे अक्षर, किंबहुना आख्खा शब्द, एकदम उचलतो. बोटाला मात्र त्या वळणावरून एखाद्या अनोळखी रस्त्यावरून जावे तसे चालत जावे लागते, आणि शेवटाला पोचेपर्यंत आरंभ कसा होता ते लक्षात ठेवावे लागते. अक्षरे मोठी, म्हणून पुस्तके प्रचंड. पुस्तके प्रचंड, म्हणून थोडी. त्याहून मोठी अडचण अशी, की ही अक्षरे त्या मुलांना स्वतःला सहज लिहिता येत नव्हती. त्यासाठी साचे हवेत, दाबयंत्र हवे. म्हणजे डोळसांनी जे छापून दिले ते सावकाश वाचायचे, आणि त्यावर काही म्हणायचे असेल तर पुन्हा कुणातरी डोळसाला सांगून लिहून घ्यायचे. पत्र येत होते, पण उत्तर देण्याची सोय नव्हती.

या शाळेत 1819 साली दहा वर्षांचा लुई ब्रेल दाखल झाला. पॅरिसजवळच्या कूप्व्रे गावात त्याचे वडील घोड्यांचे खोगीर आणि चामड्याचा साज शिवत. तिसऱ्या वर्षी त्यांच्या कामाच्या जागेत खेळताना धारदार हत्यार त्याच्या डोळ्यात गेले, जखम चिघळली, दुसरा डोळाही गेला. ते हत्यार आरी होती असे सांगतात, आणि कागदावर ठिपके टोचायची लेखणीही आरीसारखीच असते, म्हणून ‘ज्याने दृष्टी नेली त्यानेच लिपी दिली’ असे एक वाक्य या गोष्टीला हमखास चिकटवलेले असते. मला हे वाक्य आवडत नाही. एका मुलाच्या डोळ्यात आरी जाते त्यात कसलाही संकेत नसतो. ती फक्त एका कारखान्यातली वाईट दुपार असते. लिपी आली ती पुढच्या कित्येक रात्रींच्या कष्टातून.

1821 च्या सुमारास शार्ल बार्बिये नावाचे एक माजी तोफखाना अधिकारी आपली ठिपक्यांची पद्धत घेऊन त्या शाळेत आले. अक्षरांचे वळणच टाकून द्यायचे आणि कागदावर उमटवलेल्या उंच ठिपक्यांनी लिहायचे, ही मूळ कल्पना त्यांची आहे, आणि खाचांच्या पट्टीवर कागद धरून टोच्याने लिहिण्याचे साधनही त्यांचेच. पण त्यांच्या एका चिन्हात दोन उभ्या रांगांत मिळून बारा ठिपके असू शकत. एका रांगेत सहा म्हटल्यावर बोटाचे पेर वर-खाली फिरवावे लागे. शिवाय ती चिन्हे ध्वनींची होती. त्या पद्धतीत शब्द जसा ऐकू येतो तसा उतरवता येत होता, पण त्याचे शुद्धलेखन, विरामचिन्हे, आकडे, संगीत यांना जागा नव्हती. मला यात एक बारीकशी गोष्ट दिसते. अंध माणसाला काम भागण्यापुरता मजकूर कळला की पुरे, शुद्धलेखन घेऊन तो काय करणार, असा विचार कुणी मुद्दाम केला नसेलही. पण तो त्या पद्धतीत होता. त्या मुलाला मात्र सगळे हवे होते. त्याला स्वल्पविरामही हवा होता.

पंधराव्या वर्षापर्यंत, म्हणजे 1824 पर्यंत, लुईने बहुतेक काम उरकले होते. बाराचे सहा केले: तीन-तीनच्या दोन उभ्या रांगा. सांगायला हे निम्मे करणे इतके सोपे वाटते की त्यातली प्रतिभा हातातून निसटते. सहा ठिपक्यांचे घर साधारण सहा मिलिमीटर उंच असते, म्हणजे ते बोटाच्या टोकाखाली आख्खे मावते, सगळे एकदम कळते. चालत जावे लागत नाही. डोळ्याला जे सुख आख्खे अक्षर उचलण्यात मिळते तेच बोटाला मिळाले. सहा ठिकाणी ठिपका असणे किंवा नसणे यातून 63 वेगवेगळी चिन्हे होतात आणि चौसष्टावे रिकामे घर शब्दांमधले अंतर होऊन बसते. पहिली दहा अक्षरे त्याने फक्त वरच्या चार ठिपक्यांत बसवली. पुढच्या दहांसाठी तीच दहा घेऊन डावीकडे खाली एक ठिपका वाढवला. त्यापुढे खालचे दोन्ही. आकडेसुद्धा त्याच पहिल्या दहांतून काढले, फक्त आधी एक खूण ठेवून. कमी लक्षात ठेवून जास्त वाचता यावे असा हा सगळा हिशेब आहे, आणि तो लक्षात ठेवण्याचे कष्ट स्वतः सोसलेल्या माणसाचा आहे. 1829 मध्ये त्याने ही पद्धत पुस्तकरूपाने मांडली. आणि ते पुस्तक छापले गेले ते त्याच जुन्या फुगीर रोमन अक्षरांत. नव्या लिपीची ओळख जुन्या लिपीतच करून द्यावी लागणार, हे उघड आहे, तरी मला त्या पुस्तकाची थोडी कीव येते.

‘माझं मी’च्या त्या दुपारनंतर मी बाईंना म्हटले, मला शिकवा. त्यांनी एक जुने पान माझ्यापुढे ठेवले आणि डोळे मिटायला सांगितले. मी तर्जनी टेकवली. काहीच कळले नाही. खरखरीत कागदावरून बोट फिरवल्यासारखे वाटले. मी बोट जोरात दाबले. “दाबू नकोस,” बाई म्हणाल्या, “दाबलंस की ठिपका मुका होतो.” त्यांना हे कसे कळले कोण जाणे, बहुधा कागदाच्या आवाजावरून. मग त्यांनी माझे मनगट धरून हात हलका केला आणि बाजूला सरकवला. तेव्हा कुठे काहीतरी उमटले: टेकलेले बोट जवळजवळ बहिरे असते, सरकणाऱ्या बोटालाच ऐकू येते. त्या दिवसभरात मला तीन अक्षरे ओळखता आली, आणि तीही दोनदा चुकून. घरी जाताना माझ्या बोटाच्या टोकाला मुंग्या येत होत्या. इतक्या वर्षांत त्या टोकाचा उपयोग मी पान उलटण्यापलीकडे केला नव्हता.

लिहिणे तर आणखी अवघड. पाटीच्या दोन पट्ट्यांमध्ये जाड कागद अडकवायचा, वरच्या पट्टीच्या छोट्या छोट्या चौकटींत टोच्याने ठिपके टोचायचे. ठिपका उमटतो तो कागदाच्या मागच्या बाजूला. म्हणून लिहायचे उजवीकडून डावीकडे, आणि प्रत्येक अक्षर आरशात दिसावे तसे फिरवून. कागद उलटला की ते डावीकडून उजवीकडे वाचता येते. मी कपाळाला आठ्या घालून म्हटले, “हे सगळं उलटं कसं लक्षात ठेवता?” बाईंना प्रश्नच कळला नाही. “उलटं काय त्यात? पहिला ठिपका तो पहिला. मी जिथून सुरू करते ती सुरुवात.” त्यांच्या हाताखाली टोचा चालू लागला की खोलीत एक कोरडा, बारीक टक्‌टक् आवाज होतो, पत्र्यावर पावसाचे पहिले चार थेंब पडावेत तसा, ओळ संपली की पट्टी खाली सरकते आणि पुन्हा तोच पाऊस.

मराठी या सहा ठिपक्यांत कशी बसते, याची मला शंका होती. भारतातल्या भाषांसाठी पूर्वी वेगवेगळ्या ब्रेल पद्धती होत्या. 1951 मध्ये त्यांच्यात एकसूत्रीपणा आणून भारती ब्रेल ठरली. तिच्यात ‘क’ हे इंग्रजी ‘के’च्या घरात राहते, ‘म’ हे ‘एम’च्या. पण खरी गंमत मात्रा-वेलांट्यांत आहे. तिथे वेलांटी नाहीच. व्यंजनानंतर स्वर आख्खाच लिहितात. ‘कि’ लिहायचे तर आधी ‘क’, मग ‘इ’. आपण कागदावर पहिली वेलांटी अक्षराच्या आधी काढतो आणि उच्चारतो नंतर, या विसंगतीकडे मी जन्मात कधी लक्ष दिले नव्हते. ब्रेलमध्ये ‘कि’ जसा तोंडातून येतो तसाच बोटाखाली येतो. जोडाक्षराची खूण मात्र आधी येते, उजव्या रांगेत वर एकटाच ठिपका, जणू पुढचे अक्षर अर्धे आहे हे बोटाला आधीच बजावून ठेवणारा.

आता फोन सगळे वाचतो, मग ब्रेल कशाला, असे मला अनेकांनी विचारले आहे. पूर्वी मीही कदाचित विचारले असते. बाईही फोन वापरतात, आणि तो इतक्या वेगाने बोलतो की मला त्यातला एक शब्द कळत नाही. पण ऐकणाऱ्याला ‘कि’ आणि ‘की’ यांतला फरक कळत नाही. नवा परिच्छेद कुठे सुरू झाला, अवतरणचिन्ह कुठे मिटले, कवितेची ओळ कुठे मोडली, हे आवाजात विरघळून जाते. केवळ ऐकून वाढलेल्या मुलाला गोष्टी हजार माहीत असतील, पण स्वतःचे नाव ऱ्हस्व की दीर्घ हे त्याला कुणीतरी सांगावे लागेल. गणिताचे तर विचारूच नये. कंसातला कंस कानाने सांभाळून पाहावा. संगीतात उलट आहे, तिथे ब्रेल वाचणाऱ्याला एक हात कागदावर आणि एक वाद्यावर ठेवावा लागतो, म्हणून सगळे पाठच करावे लागते. स्वतः ब्रेल पॅरिसच्या चर्चमध्ये ऑर्गन वाजवत, आणि त्यांच्या पद्धतीच्या पहिल्या पुस्तकाच्या नावातच शब्दांच्या जोडीला संगीत होते.

या लिपीचे अवगुण मला बाईंनीच दाखवले. डोळ्यांनी वाचायचे एक साधे पुस्तक ब्रेलमध्ये आले की त्याचे पाच-सात खंड होतात. ते आडवे रचायचे नाहीत, ठिपके दबतात, उभेच ठेवायचे. आणि वाचून वाचून ठिपके झिजतात. बाईंच्या कपाटात एका पुस्तकाची काही पाने जवळजवळ सपाट झाली आहेत. डोळसांच्या पुस्तकात आवडीचे पान मळते, कोपरा दुमडलेला असतो, पण मजकूर तसाच राहतो. इथे जे पान सर्वांत प्रिय ते सर्वांत अस्पष्ट. “ती पानं आता मला पाठच आहेत,” त्या म्हणाल्या, “पण हात फिरवते.”

ज्या गोष्टीने मला परत त्या दुपारपाशी आणले ती मात्र वेगळी आहे. ब्रेल त्याच शाळेत शिक्षक झाले, मुले ती लिपी वापरू लागली, आणि 1840 च्या सुमारास नव्या संचालकांनी, आर्माँ द्युफो यांनी, ती बंद केली. ते दुष्ट नव्हते. त्यांचे म्हणणे असे, की जी लिपी डोळसांना वाचता येत नाही तिने अंध मुले उरलेल्या जगापासून तुटतील. युक्तिवाद मायेचा आहे, आणि त्यात तथ्यही आहे. पण त्या मायेच्या पोटात दुसरेही काही असावे अशी मला दाट शंका आहे, कारण ते मी स्वतः अनुभवले आहे. आजवर जी मुले आपल्या आवाजातून, आपल्या साच्यांतून वाचत होती ती एकमेकांना चिठ्ठ्या लिहू लागली, आणि त्यात काय आहे हे शिक्षकांना कळेना. मुले चोरून लिहीत राहिली. संचालकांच्याच सहकाऱ्याने, जोसेफ ग्वादे यांनी, त्यांची बाजू घेतली आणि 1844 मध्ये शाळेच्या नव्या इमारतीच्या उद्घाटनाच्या वेळी या लिपीचा जाहीर गौरव झाला. विरोध मावळला, तरी शाळेने ती अधिकृतपणे स्वीकारली 1854 मध्ये. क्षयाने खंगलेले ब्रेल त्याआधी दोन वर्षे, 6 जानेवारी 1852 ला, त्रेचाळिसावा वाढदिवस होऊन दोन दिवस झाले असताना गेले होते.

भिंत उभी करण्याचा आरोप ज्याच्यावर झाला त्यानेच 1839 मध्ये आणखी एक पद्धत काढली होती: ठिपक्याठिपक्यांनी नेहमीची रोमन अक्षरे रेखाटायची, म्हणजे अंध माणसाला डोळसांना पत्र लिहिता येईल. स्वतःची लिपी सापडल्यावरही दुसऱ्यांसाठी इतकी यातायात कोण करतो? त्यांना दार बंद करायचे नव्हतेच. कडी आतून असावी, एवढेच त्यांचे मागणे असावे.

मृत्यूनंतर शंभर वर्षांनी, 1952 मध्ये, फ्रान्सने त्यांचे अवशेष पॅरिसच्या पाँथिऑनमध्ये, म्हणजे देशातल्या थोरांच्या समाधिस्थळी, सन्मानाने नेले. कूप्व्रेने मात्र त्यांचे हात दिले नाहीत. ते अजून गावच्या दफनभूमीत, एका लहानशा कलशात आहेत. हे पहिल्यांदा वाचले तेव्हा अंगावर शहारा आला होता. देहापासून हात वेगळे करण्याची कल्पना मला अजूनही सहन होत नाही. आणि तरीही, गावाला नेमके काय ठेवून घ्यायचे ते कळले होते, हे नाकारता येत नाही.

मागच्या आठवड्यात मी नेहमीप्रमाणे बाईंकडे गेले. त्यांनी सांगितलेला लेख वाचायला घेतला. खिडकीतून उन्हाची तिरीप आडवी येत होती आणि आमच्या मधल्या टेबलावर पाटीतून काढलेला एक कागद पडला होता. बोटांनी मला अजून धड वाचता येत नाही, पण डोळ्यांनी येऊ लागले आहे. सपाट उजेडात ठिपके पांढऱ्यावर पांढरे असतात, दिसत नाहीत. तिरक्या उन्हात मात्र प्रत्येकाला आपापली सावली असते. लेखाची ओळ वाचता वाचता माझी नजर तिकडे गेली. उजवीकडे वर एकटा ठिपका. मग ‘प’. मग ‘र’, मग ‘इ’, मग ‘य’. प्रिय. त्यापुढे कुणाचे तरी नाव सुरू होत होते आणि त्याचे पहिले अक्षर मी लावलेही होते. मी नजर काढून खिडकीकडे वळवली. वाचता वाचता माझा आवाज अडखळला असावा.

“का गं, थांबलीस का?”

“काही नाही बाई,” मी म्हटले, आणि लेखातली पुढची ओळ वाचायला घेतली.